कुणी राहिलंय का?

त्या संध्याकाळी देवळातले लोक खळखळून हसले, आणि ते माझ्यावर हसले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

सन अठ्ठ्याण्णव, दत्तजयंतीच्या सप्ताहाचा दुसरा दिवस. आमचं शहर हिंदी बोलणारं; तिथल्या अन्नपूर्णेच्या भागातलं आमचं दत्तमंदिर लहानसं, पण सप्ताहात सभामंडप भरतो. मनोरमाताईंचं कीर्तन होतं. ताईंचं वय बाहत्तर, अंगावर नऊवारी, हातात चिपळ्या. पेटीवर त्यांची भाची निवेदिता आणि तबल्यावर मी. एकोणीस वर्षं ताईंच्या डाव्या हाताला बसून वाजवत होतो. मिल गेली, युनियन गेली, चाळीतले निम्मे लोक गाव सोडून गेले, पण ही जागा माझी होती.

पूर्वरंग झाला, नामगजर झाला, ताईंना हार घातला, आम्हाला बुक्का लागला आणि उत्तररंग सुरू झाला. नावाड्याचं आख्यान. हे कुठल्या पोथीत सापडायचं नाही, ताईंनी स्वतः रचलेलं आहे. एक नावाडी असतो. दिवस मावळला की शेवटची खेप आणतो, आणि होडी खुंट्याला बांधण्याआधी पलीकडच्या काठाकडे तोंड करून हाक मारतो, "कुणी राहिलंय का?" मग उत्तराची वाट बघतो. उत्तर आलं नाही तरच दोर बांधतो. एका संध्याकाळी घरी पाहुणे आलेले असतात, त्याला घाई असते. तो हाक मारतो, पण हाक मारता मारताच दोरही बांधून मोकळा होतो. नेमका त्या दिवशी पलीकडच्या काठावर देव उभा असतो. देवाचं उत्तर येतं तेव्हा नावाडी अर्ध्या वाटेवर असतो.

दुसऱ्या दिवशी त्याला ते कळतं. त्या संध्याकाळी तो पुन्हा काठावर येतो. इथे ताई दोन पावलं पुढे यायच्या, कपाळावर हात आडवा धरून समोरच्या लोकांकडे नदीपलीकडे बघावं तसं बघायच्या आणि हाक द्यायच्या. "कुणी राहिलंय का?" आणि थांबायच्या. दहा-बारा श्वास. मंडपात पंख्याचाही आवाज जड वाटायचा. मग अगदी हळू पद उचलायच्या, 'राहिले का कोणी मागे, नाव थांबली आहे', आणि त्यातल्या 'मागे'वर माझी थाप पडायची. एकोणीस वर्षं पडली होती.

त्या दिवशी ताई थांबल्या. मांडीवर तबला लावायची हातोडी घेऊन मी बसलो होतो. आणि तेवढ्यात उशिरा आलेल्या कुणीतरी दारातली घंटा वाजवली.

माझा हात उठला. हातोडी मी कानाला लावली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "हां जी, नंबर बोलिए!"

एक क्षण कुणालाच कळलं नाही. मग मंडप जो हसला! पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. निवेदितानं मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते. ताई मात्र तशाच उभ्या राहिल्या, कपाळावरचा हात तेवढा खाली घेतला.

"बघा हं मंडळी," त्या म्हणाल्या, "नावाड्याच्या गावात एसटीडी आली! आता देव कशाला थंडीत उभा राहतो? लावील की घरी फोन."

पुन्हा हशा. पण हा हशा त्यांनी माझ्यावरून उचलून स्वतःकडे घेतला होता, एवढं मला कळत होतं. त्यांनी पद उचललं. मी आलो, पण 'मागे'च्या मागे आलो.

आरती झाल्यावर समितीचे सेक्रेटरी जयेशजी माझ्याजवळ आले. बँकेत असतात, माणूस वाईट नाही. हातात खोकं होतं.

"संताजीभिया, बुरा नका मानू. हा इलेक्ट्रॉनिक तबला. मुलीच्या भजनासाठी आणला होता मी. ताल लावा, लय लावा, बस. चूक होण्याचा सवालच नाही."

"मी थकलो होतो हो आज."

"तेच म्हणतोय ना मी. तुम्ही रोजच थकलेले दिसता."

खरं होतं ते.

मिल बंद होऊन चार वर्षं झाली होती. मी विणकर होतो, एकवीस वर्षं चार साचे, म्हणजे माग, सांभाळले. भोंगा एका सकाळी वाजला नाही, मग कधीच वाजला नाही, आणि फाटकावरच्या सभा, अर्ज, वकील हे सगळं करून झाल्यावर मी माझ्या मेहुण्याच्या, शामच्या एसटीडीच्या दुकानात बसू लागलो. सियागंजात, किराण्याच्या वखारी आणि लोखंडी सामानाच्या दुकानांच्या मधोमध आठ बाय सहाची खोली. दोन काचेच्या केबिना, त्यांत दोन फोन. तिसरा फोन बाहेरून येणाऱ्या निरोपांचा. एक फॅक्स, एक झेरॉक्स, कुरियरची पाकिटं. शाम केबलचाही धंदा करायचा, म्हणून 'चॅनल दिसत नाही' असं सांगायला येणारी माणसंही माझ्याच पुढ्यात उभी.

"अरे मास्टर, पेले बंबई लगा न, भाव निकल जाएगा!"

"भिया, मेरा फैक्स गया के नी गया?"

"दोनों साइड की कॉपी बोली थी, दोनों साइड की!"

एका कानाला रिसीव्हर, दुसऱ्या कानाला गिऱ्हाईक, डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर, हात झेरॉक्सच्या झाकणावर. सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत मी कुठलंच काम पुरं करत नव्हतो आणि सगळी कामं होत होती. शामला त्याचं कौतुक होतं. "जीजाजी, तुम्ही तर एकटे चार माणसांचं काम करता," म्हणायचा. चार साचे चालवले होतेच ना, असं त्याचं गणित.

घरी आलो तरी कान वाजत राहायचे. सकाळी जपाला बसायचो तर बोटं माळ ओढत असायची आणि मन दिल्ली-कानपूरचे कोड म्हणत असायचं. एकदा जेवताना माझी बायको अंबिका काही सांगत होती, मी "हां, हां" म्हणत होतो. ती थांबली.

"अहो, मी आत्ता काय सांगितलं?"

"हां," मी म्हणालो.

"माझी मावशी गेली म्हणून सांगितलं. दोनदा सांगितलं."

ती रडली नाही, ताट उचलून आत गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

तर कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जायच्या आधी सायकल काढून मी ताईंकडे गेलो. त्या अंगणात उन्हाला बसून वाती वळत होत्या. पायांवर शाल होती.

"ताई, माझ्याकडून चूक झाली."

"झाली," त्या म्हणाल्या. "बैस."

"आज नाही होणार."

"आज तू वाजवणारच नाहीस. चार दिवस वाजवायचं नाही. समोर लोकांत बसायचं, हात मांडीवर ठेवून. त्या जयेशचं मशीन वाजू दे."

"ताई, माझ्याकडे ही एकच जागा उरलीय."

"म्हणून तर." त्यांनी वात ताटलीत ठेवली, दुसरी घेतली. "मागच्या वर्षापासून बघतेय मी. तू आख्यान ऐकतच नाहीस. माझ्या पदाची वाट बघत बसतोस. गिऱ्हाईक कधी येतं त्याची बघावी तशी. ऐकणारा माणूस कसा बसतो, आणि टपून बसलेला कसा बसतो, ते मला पाठीतून कळतं रे."

"आणि चार दिवसांत नाही सुधारलं तर?"

"तर समाप्तीला मशीन," ताई म्हणाल्या. "मी आता म्हातारी झाले. मला बाजूला भरवशाचं कोणीतरी हवं. माणूस नसेल तर डबा चालेल."

त्या संध्याकाळी मी खांबाला टेकून लोकांत बसलो. ओळखीचे लोक वळून बघत होते. एकानं विचारलंच, "काय संताजीभिया, लाइन डेड झाली का?" मी हसलो. मशीन वाजत होतं, आणि खोटं कशाला बोलू, बरंच वाजत होतं. लय इकडची तिकडे होत नव्हती. ताईच तिच्याशी जमवून घेत होत्या, जिथे लांबवायचं तिथे आखडत होत्या. मी आख्यान ऐकायला बसलो होतो, पण दहा मिनिटांत माझ्या डोक्यात कुरियरची पाकिटं फिरू लागली. ओढून आणलं, पुन्हा गेलं. पुन्हा आणलं. कीर्तन ऐकायला इतके कष्ट पडतात हे मला जन्मात कधी माहीत नव्हतं. लहानपणी आईच्या मांडीवर झोपेतसुद्धा ऐकलं होतं मी. घरी गेलो तेव्हा मिलमध्ये दुहेरी पाळी केल्यासारखं अंग दुखत होतं.

चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी साडेसातला, आख्यान ऐन मध्यावर असताना, बत्ती गेली. त्या वर्षी ती रोजच जायची. माईक बंद, पंखा बंद, आणि मशीन टक्कन गप्प.

ताई थांबल्या नाहीत. समईच्या उजेडात चिपळ्यांवर पद चालू ठेवलं. लोकही हलले नाहीत, सवयीचंच होतं. पण मी उभा होतो. केव्हा उठलो कळलं नाही. मशीन गप्प झालं त्या क्षणाला माझे पाय सरळ झाले होते आणि मी एक पाऊल पुढेही टाकलं होतं.

"बसा हो खाली," मागून कुणीतरी म्हणालं.

बसलो. ते पाऊल माझ्या ओळखीचं होतं.

साच्यांच्या खात्यात इतका आवाज असतो की शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे. तरी विणकर आपल्या चारही साच्यांकडे बघत बसत नाही. तो त्या आवाजात उभा असतो, बस. आणि धागा तुटला, साचा थांबला, की त्या सगळ्या गदारोळात जेवढं भोक पडतं तेवढंच त्याला ऐकू येतं. पाय आपोआप तिकडे जातात. एकवीस वर्षं मला शांततेनं बोलावलं होतं. आणि शामच्या दुकानात चार वर्षं घंटीनं बोलावलं. घंटी वाजली की धाव, नाही वाजली की मेल्यासारखा बस. ताई हाक मारून थांबायच्या, तेव्हा मी ती घंटी नसलेली वेळ समजून बसत होतो.

आरतीनंतर ताईंच्या पाया पडलो. त्यांनी विचारलं, "अंधारात उठला होतास तो तूच ना?"

मी साच्यांचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे कान आहे," त्या म्हणाल्या. "मग ठेवलायस कुठे?"

"शामच्या दुकानात."

"जा, घेऊन ये तिथनं."

दुसऱ्या दिवशी सियागंजात मी एक गोष्ट केली. निरोपाच्या फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, आणि समोर जो पहिला उभा होता त्याचं काम संपेपर्यंत दुसऱ्याकडे बघितलं नाही.

"ओ मास्टर! बंबई!"

"एक-एक करके, भिया."

"एक-एक? राशन की दुकान है क्या?"

"हां, वही समझ लो."

दोघे शिव्या देऊन पलीकडच्या दुकानात गेले. एक थांबला. त्याचं झालं, मग पुढचा. उगाच काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. दुपारी शाम आला आणि काढून ठेवलेल्या रिसीव्हरकडे बघत राहिला.

"जीजाजी, हे काय?"

"आजचा आणि उद्याचा दिवस, शाम. मग तू म्हणशील तसं."

"आणि गिऱ्हाईक गेलं तर?"

"दोन गेलेत."

त्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि फोन लगेच वाजला. त्यानं तो स्वतः उचलला. बहिणीनं काहीतरी सांगितलं असावं.

समाप्तीच्या दिवशी मी अंबिकेला म्हणालो, "चल माझ्याबरोबर." मावशीचं झाल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. ती आली, बायकांत जाऊन बसली.

मंडपात गेलो तर माझ्या जागेवर माझा तबला आणि त्याच्या शेजारी जयेशजींचं मशीन. ते स्वतः मागे मांडी घालून बसले होते.

"रिस्क नको भिया," ते हळूच म्हणाले. "तुम्ही वाजवा. काही गडबड वाटली तर मी बटण दाबतो. बैटरी पण टाकली आहे."

ताई म्हणाल्या, "बसू दे त्याला. दोघांत मिळून एक तरी थाप जागेवर पडेल."

समाप्तीला लोकांच्या आग्रहावरून पुन्हा नावाड्याचंच आख्यान होतं. ताईंचा आवाज सात दिवसांनी बसला होता. मधे मधे त्या निवेदिताच्या पेटीला हात टेकून उभ्या राहत होत्या. मी वाजवत होतो, पण त्याहून जास्त ऐकत होतो. नावाड्याच्या घरी पाहुणे आले, त्याची बायको पोळ्या लाटतेय, त्याला घाई झालीय. हे मी एकोणीस वर्षं ऐकलं होतं आणि त्या बायकोला काय वाटलं असेल हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं. दोनदा मन सियागंजात गेलं. दोनदा परत आलं.

ताई दोन पावलं पुढे आल्या. कपाळावर हात आडवा धरला.

"कुणी राहिलंय का?"

थांबल्या.

चार श्वास. सहा. दारातली घंटा वाजली. जयेशजींनी दचकून माझ्याकडे बघितलेलं मला दिसलं. माझे हात तबल्यावर होते, तिथेच राहिले. आठ. दहा. ताईंची पाठ मला दिसत होती. थांबतात तेव्हा त्यांचा डावा अंगठा चिपळीवर अगदी बारीक हलत असतो, लय आत चालू असते. बारा श्वास. लोक रंगून बसले होते. काही म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेरा. अंगठा थांबला.

धागा तुटला होता. मंडपात कुणालाही कळलं नाही, पण मला कळलं, पायांना आधी कळलं. ही थांबलेली शांतता नव्हती, ही पडलेली होती. ताईंना शब्द सापडत नव्हता. बाहत्तर वर्षांची बाई भरल्या मंडपासमोर कपाळावर हात धरून उभी होती आणि तिच्या डोक्यातून तिचंच पद निघून गेलं होतं.

जयेशजी खूश होऊन ऐकत होते. त्यांचं बोट बटणापासून लांब होतं.

मी डग्ग्यावर मनगट टेकवलं आणि अगदी हळू, कुणाच्या खांद्याला हात लावावा तसा, धुमाळीचा ठेका धरला. गजराचा. आणि माझ्या फाटक्या आवाजात दत्ताचं नाव घेतलं. निवेदितानं चमकून बघितलं, तिची बोटं पेटीवर आली. बायकांतून पहिला आवाज आला तो अंबिकेचा होता, तो मी हजारांत ओळखीन. मग सगळा मंडप नाम घेऊ लागला. नावाडी हाक मारून थांबलाय आणि काठावरचे लोक देवाला साद घालतायत, असंच सगळ्यांना वाटलं असणार. ताईंनी कपाळावरचा हात खाली घेतला, डोळे मिटले. दुसरं आवर्तन गेलं, तिसरं गेलं. चौथ्याला त्यांचा अंगठा हलला.

मी ठेका उतरवत आणला. त्यांनी हात वर केला. 'राहिले का कोणी मागे', आणि 'मागे'वर थाप पडली.

आरती झाली, प्रसाद झाला. जयेशजी मशीन खोक्यात भरत होते. "आज तर कमालच केली ताईंनी," म्हणाले, "मध्येच गजर घालायचा, काय आयडिया!" मी हो म्हणालो.

ताई पायऱ्यांवर बसल्या होत्या, निवेदिता रिक्षा बघायला गेली होती. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "किती वेळ गेला होता रे?"

"एक श्वास. फार तर दोन."

"मला वाटलं, तास झाला." त्यांनी शाल ओढून घेतली. हात थंड पडले होते. "काहीच नव्हतं तिथे, संताजी. नुसतं पाणी."

मी खालच्या पायरीवर बसलो.

"पुढच्या वर्षी मी आणखी विसरेन," त्या म्हणाल्या.

"हो."

"हो म्हणतोस!"

"पुढच्या वर्षीही मी इथेच बसणार आहे, ताई."

त्या थोड्या हसल्या. रिक्षा आली, त्या गेल्या.

अंबिका सायकलजवळ उभी होती. आम्ही चालतच निघालो, दोघांचेही पाय भरून आले होते. कोपऱ्यावर ती म्हणाली, "मावशी शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हती." मी सायकल थांबवली, स्टँडवर लावली आणि म्हणालो, "सांग."